रुग्णसेवेचे प्रधान आणि अंग



गेल्या माघ महिन्यात चामोर्शी तालुक्यातील वैनगंगेकाठच्या एका गावी सप्ताहात आमची कीर्तनसेवा झाली. निरूपणास घेतलेल्या अभंगात देहाचा विषय होता. देहाचा विषय निघाला की रोगाचा निघतो, आणि रोगाचा निघाला की वैद्याचा. वैद्याला यमाचा सख्खा भाऊ ठरवणारे, यम नुसते प्राण नेतो पण हा प्राणही नेतो आणि पैसाही नेतो असे सांगणारे एक संस्कृत सुभाषित आहे. तीस-पस्तीस वर्षे आम्ही ते कीर्तनात सांगत आलो. त्याला हशा ठरलेला. त्या रात्रीही मंडप हसला. टाळकरीसुद्धा टाळ थांबवून हसले.

कीर्तन आटोपून आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथे एक बाई भेटावयास आल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. जवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत. पाया पडून कोपऱ्यात बसल्या. घरची मंडळी उठून गेल्यावर म्हणाल्या, “महाराज जी, तुमी समद्यायले हसवलं. मीबी हासली. पन मले एक इचारायचं आहे. पाप कोनाच्या नावानं लिहिल्या जाते?”

मग त्यांनी सांगितले ते असे. एके रात्री वॉर्डात त्या एकट्याच होत्या. दुसरी परिचारिका बाळंतपणाच्या रजेवर, तिच्या जागी कोणी दिलेले नाही. डॉक्टर एका अपघाताच्या रोग्यामागे गुंतलेले. अशा वेळी एका बाळंतिणीला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला आणि त्याच घटकेला शेजारच्या खोलीतले कमी वजनाचे बाळ श्वास अडखळत घेऊ लागले. बाईंचे हात दोन. त्यांनी बाळंतीण धरली. ती वाचली. बाळ गेले. पहाटे थोडी उसंत मिळाली तेव्हा बाकीच्या पंचवीस-तीस खाटांच्या तक्त्यांवरचे ताप-नाडीचे रकाने रिकामे दिसले. दुसऱ्या दिवशी तपासणीला वरचे साहेब येणार होते. बाईंनी बसल्या बसल्या सगळे रकाने अंदाजाने भरून टाकले.

“बाळाचं पाप माह्या डोक्यावर आहे का जी?” हा त्यांचा प्रश्न. रकान्यांचे त्यांनी ओघात सांगितले होते, त्याविषयी काही विचारले नव्हते.

आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. देता आले नाही म्हणा ना. “सवडीने बोलू” असे सांगून त्यांना निरोप दिला आणि झोप मात्र आली नाही. पुढे दोन महिने जे मनात घोळले ते या लेखात मांडत आहोत.

लहानपणी पाठशाळेत आमच्या गुरुजींनी मीमांसेचे काही अधिकरण आमच्याकडून घोकून घेतले. त्या वयात त्यातले काही कळत नव्हते. यज्ञ कोठे आहेत आता, मग हा खटाटोप कशाला, असे आम्हां मुलांस वाटे. परंतु जैमिनींनी सहाव्या अध्यायात जो विचार केला आहे तो या बाईंच्या प्रश्नाला जितका लागू पडतो तितके दुसरे काही आम्हांला सापडले नाही.

कर्मे दोन प्रकारची. एक काम्य, म्हणजे काही फळ हवे म्हणून करायचे. पाऊस हवा म्हणून कोणी इष्टी केली तर ती सर्व अंगांसह, यथासांग झाली पाहिजे. एक अंग चुकले तरी फळ मागण्याचा अधिकार गेला. दुसरे नित्य. सकाळ-संध्याकाळचे अग्निहोत्र हे नित्य. ते फळासाठी नाही, करणे प्राप्त आहे म्हणून करायचे. आता रोज उठून सगळी सामग्री सगळ्यांना कशी जुळणार? कोणी आजारी, कोणी दरिद्री, कोणी प्रवासात. म्हणून शास्त्राने म्हटले की नित्यकर्म शक्तीप्रमाणे करावे. एखादे अंग राहिले तर दोष नाही. मात्र या सवलतीला एक कुंपण आहे. अंग सुटले तर चालते, प्रधान सुटून चालत नाही. सगळी पात्रे घासूनपुसून मांडली आणि आहुतीच दिली नाही, तर त्याला अग्निहोत्र कोण म्हणेल?

रोग्याची सेवा ही पत्करलेल्याचे नित्यकर्म आहे. पगार मिळतो म्हणून ते काम्य होत नाही, बरं का. पगार हा पोटाचा प्रश्न झाला. रात्री अडीचला कोणी कण्हले तर उठायचे, हे पगाराच्या हिशेबात मोजता येत नाही. तेव्हा यथाशक्तीचा न्याय येथे लागतो. दोन हात एका ठिकाणी प्राण धरून बसले असताना दुसऱ्या ठिकाणी पोहोचले नाहीत, याला शास्त्र अकरणाचा दोष म्हणत नाही. बाळाचे पाप त्या बाईंचे नाही. हे आम्ही सांत्वन म्हणून लिहीत नाही, न्याय म्हणून लिहितो.

पण रकाने? येथे आमचा हात अडखळतो, कारण ज्या बाईने एक जीव वाचवला तिला दोष सांगणे आम्हांस जड जाते. तरी सांगितले पाहिजे. तक्ता हे अंग आहे. ते राहिले असते तर यथाशक्तीच्या न्यायाने क्षम्य होते. न केलेले केले असे लिहिले, तेथे मात्र तो न्याय तुटला. कारण तक्ता साहेबांसाठी नसतो, उद्या सकाळी येणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांसाठी असतो. खरा ताप 103 आणि रकान्यात 99, तर सकाळचे औषध चुकणार. रिकामा रकाना पाहून डॉक्टर विचारतो तरी. भरलेला रकाना त्याला गप्प करतो.

आता यावर कोणी म्हणेल, महाराज, तुम्हांला सांगायला काय जाते, रिकाम्या रकान्याबद्दल मेमो मिळतो आणि मेलेल्या बाळाबद्दल नुसती चौकशी होते. खरे आहे, आणि दुखणे नेमके येथेच आहे. आजच्या दवाखान्यात अंगे इतकी वाढली आहेत की प्रधान त्यांच्याखाली दबून गेले. रजिस्टर, मोबाईलवरची नोंद, वरून आलेला तक्ता, पुन्हा त्याचा गोषवारा. गावातली आशाताई घ्या. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा ही योजना आली. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. ज्या कामाला मोबदला ठरला ते मोजले जाते. मरणाऱ्या म्हातारीजवळ दोन घटका बसली, घाबरलेल्या पहिलटकरणीचा हात धरून दवाखान्याच्या दारापर्यंत समजूत घालत गेली, याला रकाना नाही. ज्याने रकाने आखले आणि माणसे दिली नाहीत, त्याच्याही नावाने काही लिहिले जात असेलच. चित्रगुप्ताचे रजिस्टर जिल्ह्याच्या कार्यालयातून येत नाही.

नाथांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. गंगेची कावड रामेश्वरी नेत असता वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी त्यांनी ते पाणी घातले. लोक या कथेत नाथांची दया पाहतात. आम्हांला अलीकडे त्यात मीमांसाही दिसू लागली आहे. कावड, संकल्प, रामेश्वर ही सगळी अंगे होती. ईश्वराला पाणी पोचणे हे प्रधान, ते वाटेतच झाले.

मीमांसेत प्रतिनिधीचाही विचार आहे. यज्ञाला व्रीहि म्हणजे साळीचा तांदूळ हवा. तो मिळाला नाही तर नीवार घ्यावा. नीवार म्हणजे पाणथळीत आपोआप उगवणारा, ज्याला आपल्याकडे देवभात म्हणतात तो. झाडीपट्टीच्या धानकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पण द्रव्याला असा प्रतिनिधी चालतो, देवतेला चालत नाही. इंद्र मिळाला नाही म्हणून वरुणाला आहुती दिली, असे होत नाही.

या नियमाचे दोन्ही अर्धे गडचिरोलीच्या जंगलात प्रत्यक्ष उतरलेले आहेत, म्हणून ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परत आले आणि 1986 साली गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताईंनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. शंभरात 92 जणींना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी आयुष्यात कधी तपासणी झालेल्या शंभरात आठच होत्या. 1989 साली ‘लॅन्सेट’ या विलायतेतील वैद्यकपत्रात हे छापून आले तेव्हा जगाला कळले. त्या बायांच्या घरच्यांना मात्र तोवर माहीत नव्हते. का? कोणी विचारले नव्हते म्हणून.

पुढे लहान मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न आला. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून हा रोग ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला की धोका. पण गावच्या सुइणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते. बाराच्या पुढे गणती नाही. शहाणा म्हणेल, मग सुईण कामाची नाही. डॉक्टरांनी तसे म्हटले नाही. लाकडाच्या पट्टीवर मणी ओवले आणि शेजारी मिनिटाचे वाळूचे घड्याळ बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया. मणी सरकवत मोजणे आपणां माळकऱ्यांना नवीन नाही. आम्ही जेव्हा प्रथम हे ऐकले तेव्हा गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे हात गेला. एकशेआठ मणी आम्ही रोज मोजतो, आणि कित्येकदा मन भलतीकडे असते. ती निरक्षर सुईण पाचसहा मणी मोजते आणि तिचे मन दुसरीकडे जाऊच शकत नाही.

त्यानंतर नवजात बाळांचा प्रश्न. डॉक्टर गावात नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात नाले भरलेले. तेव्हा गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळाला उबेत ठेवणे, श्वास अडला तर काय करणे, जंतुदोष झाला तर जेंटामायसिनची सुई देणे, सगळे त्या शिकल्या. सुई डॉक्टरनेच द्यावी, खेड्यातल्या बाईने कशी द्यावी, हा वाद झालाच. 1999 साली त्याचे फळ ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 39 गावांत हे काम झाले, शेजारच्या 47 गावांशी ताडून पाहिले, तेव्हा नवजात मृत्यूंत 62 टक्के घट दिसली. साळीच्या जागी देवभात चालला. 2011 पासून देशभरच्या आशाताईंवर घरोघर जाऊन नवजात बाळ पाहण्याचे जे काम आले आहे, त्याचे मूळ येथले आहे.

पण देवता बदलली नाही, हे महत्त्वाचे. लोक दवाखान्यात का येत नाहीत असे विचारले तेव्हा गावकऱ्यांनी सांगितले की तेथले लोक पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढऱ्या कापडात प्रेत गुंडाळतात. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. आणि तेथे देव नाही. धानोऱ्याच्या वाटेवरील शोधग्रामचा दवाखाना मग गावासारखा झोपड्यांचा बांधला, रोग्याबरोबर घरचे माणूस राहील अशी सोय केली, आणि दंतेश्वरी मातेचे नाव त्याला दिले. आजकालच्या मोठ्या दवाखान्यांत उलटे घडते. “पाच नंबर खाटेचा पाय”, “तो किडनीवाला” अशी नावे पडतात. द्रव्य उत्तम, यंत्रे लाखांची, आणि देवतेच्या जागी भलताच प्रतिनिधी बसवलेला.

हेमलकशाची गोष्ट आमच्या वाचकांनी पुष्कळ वेळा ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या रानात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे दोघेही शिकलेले डॉक्टर, पण माडिया लोक त्यांच्याकडे येईनात. भाषा कळत नव्हती, विश्वास नव्हता. त्यांनी आधी भाषा शिकली. चरकाने वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत, आणि रोग्याच्या गुणांत आपला रोग नीट सांगता येणे हा एक गुण धरला आहे. माडिया बाईने मराठीत आपला रोग कसा सांगावा? तो गुण तिच्यात आणण्यासाठी वैद्यालाच माडिया शिकावी लागली. चरकावर इतकी सरळ टीका आम्ही कोणत्या ग्रंथात वाचली नाही.

चरकाचे नाव निघाले तर आणखी एक गोष्ट. विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य त्याच्याकडून जो नेम घेववितो तो आजच्या डॉक्टरांच्या शपथेहून कमी कडक नाही. रात्रंदिवस रोग्याच्या आरोग्यासाठी झटावे, स्वतःच्या जिवावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नये, घरात दिसलेले गुपित बाहेर बोलू नये. तेथेच असेही आहे की राजाच्या शत्रूवर उपचार करू नयेत. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. जुन्या ग्रंथातले सगळेच डोक्यावर घ्यावे असे नाही. या जंगलात पोलीस आणि नक्षलवादी यांच्यात कित्येक वर्षे जे चालले त्याने खेड्यातला साधा माणूस दोन्ही बाजूंनी भरडला. त्यात जखमी कोणत्या बाजूचा हे वैद्याने विचारायचे नसते, हे आजचे वैद्यक म्हणते, आणि या ठिकाणी आजचे वैद्यक बरोबर आहे.

दुसरा शब्द ‘उपेक्षा’. वैद्याच्या वृत्ती चार: मैत्री, दुःखिताविषयी करुणा, बरे होणाऱ्याविषयी प्रीती, आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, म्हणून हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी खटकतो. मुळात अर्थ वेगळा आहे. जे आपल्या हातातून गेले त्याबद्दल आसक्ती न धरता जवळून पाहत राहणे, ही ती उपेक्षा. नुकत्याच गेलेल्या बाळाचा शोक बाजूला ठेवून पुढच्या खाटेकडे वळण्यासाठी परिचारिकेला ती लागते. शब्दाचा संस्कृत अर्थ सुटला आणि मराठी अर्थ चिकटला की मात्र माणूस दगड होतो. थकव्याने पुष्कळांचे असे होते. त्यांना आम्ही निर्दय म्हणत आलो.

आणि हा आमचा स्वतःचा दोष. काही वर्षांपूर्वी आमचे वडील बंधू एका शहरातील दवाखान्यात होते. रात्री दोन वाजता सलाईन संपले, हाक मारून परिचारिका आली नाही, तेव्हा आम्ही व्हरांड्यात जाऊन एका मुलीवर मंडप गाजवणाऱ्या आवाजात ओरडलो. ती दुसऱ्या एका म्हाताऱ्याची घाण काढत होती. हात धुऊन आली, सलाईन बदलले, एक शब्द बोलली नाही. पाणी प्यायलीस का बाळ, एवढे विचारावे असेही आम्हांला सुचले नाही. नातेवाइकांनी डॉक्टरांना मारहाण करण्याचे प्रकार इतके वाढले की महाराष्ट्राला 2010 साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तरी 2017 साली धुळ्याच्या घटनेनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर काम थांबवून बसलेच. आम्ही हात उगारला नाही, एवढेच. चरकाच्या चार पायांत रोगी हा एक पाय आहे. रोग्याचे नातेवाईक कोठेच नाहीत. गर्दी मात्र त्यांचीच असते.

येथे बाबा आमटे आठवतात. ते जन्मतः निर्भय नव्हते. वरोड्याला पावसाच्या अंधारात रस्त्याच्या कडेला चिंध्यांचे गाठोडे पडले असे त्यांना वाटले, ते हलले, बोटे झडलेला, किडे पडलेला तुळशीराम त्यात होता. आणि बाबा पळून घरी आले. डोक्यावर मैला वाहिलेला माणूस पळाला. मग परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला भरवले. आनंदवन 1949 साली उभे राहिले, पण त्याचा पाया त्या पळून परत येण्यात आहे असे आम्हांस वाटते. न पळणारे थोडे असतात. परत येणाऱ्यांनीच बहुतेक दवाखाने चालतात.

चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी चंद्रपूरला जाणे झाले, तेथून मुद्दाम वाकडी वाट करून आम्ही त्या बाईंना भेटलो. बाळाविषयी आणि रकान्यांविषयी जे वर लिहिले आहे ते त्यांना सांगितले. बाळाचा न्याय ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. रकान्यांचे ऐकून खाली पाहत म्हणाल्या, “ते मले ठाऊकच होतं जी.” आम्ही म्हटले, धर्मशास्त्र न कळत घडलेल्यालाही प्रायश्चित्त सांगते. ते शिक्षेसाठी नाही. मनावरचा भार कोठेतरी उतरवता यावा म्हणून आहे. त्या बाळाच्या आईकडे एकदा जाऊन या.

“मारतीन ना जी,” त्या म्हणाल्या. आम्हांला खात्री देता आली नाही.

परवा त्यांचा फोन आला. त्या जाऊन आल्या. आई घरी नव्हती, मोहफुले वेचायला रानात गेली होती. सासू होती. तिने ओळखले नाही. लोटाभर पाणी दिले, या बसल्या, इकडचे तिकडचे बोलल्या आणि उठून आल्या. पुन्हा जाणार आहेत. रकान्यात आता न पाहिल्यास ‘पाहिले नाही’ असे लिहितात. त्याबद्दल एक मेमो मिळाला आहे, त्याचे उत्तर कसे लिहावे असे आम्हांला विचारत होत्या. आम्ही सांगितले, त्या रात्री किती खाटा होत्या आणि किती जणी कामावर होत्या, एवढेच दोन आकडे लिहा.

ते सुभाषित आम्ही कीर्तनातून काढले आहे. मागच्या महिन्यात एका गावी विणेकऱ्यांनी हळूच आठवण करून दिली, “महाराज, ते वैद्याचं राहिलं.” म्हटलं, राहू द्या.